घराचा पहिला दगड हिशेबाच्या वहीत : इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीचा धडा

घर बांधायचे ठरले की बहुतेक कुटुंबांत पहिली चर्चा होते ती खोल्यांची. किती शयनगृहे, देवघर कुठे, वर गच्ची की कौले, वाहनाला जागा किती. मग आराखडा काढला जातो, आराखड्यावरून अंदाजपत्रक, अंदाजपत्रकावरून कर्ज. महिन्याला हप्ता किती बसणार, हा प्रश्न बँकेतील अधिकारी विचारेपर्यंत पुष्कळदा घरात कोणी उच्चारलेलाही नसतो. जोत्यापर्यंत येऊन थांबलेली, किंवा स्लॅब पडूनही खिडक्या-दारांविना उभी राहिलेली घरे गावोगाव दिसतात. त्यांचे मूळ कंत्राटदाराच्या बेपर्वाईत शोधले जाते. ते बरेचदा या उलट्या क्रमात असते.

इंदूर शहरात चार दशकांपूर्वी आखल्या गेलेल्या ‘अरण्य’ या वसाहतीत हा क्रम सुलटा करण्यात आला होता. तेथे आधी कुटुंबाची मासिक मिळकत पाहिली गेली, मिळकतीवरून हप्ता, हप्त्यावरून कर्ज आणि कर्जावरून भूखंड व बांधकाम. घराचा आकार सगळ्यात शेवटी आला आणि तोही अंतिम नव्हता. ही वसाहत गरिबांसाठी होती म्हणून तिचा हिशेब मध्यमवर्गाला लागू पडत नाही, असे मानण्याचे कारण नाही. उलट पैसा जितका तोकडा, तितका त्याचा क्रम काटेकोर ठरवावा लागतो, आणि म्हणूनच तो क्रम तेथे स्पष्ट दिसतो.

होळकरांची राजधानी, नंतर कापड गिरण्यांचे आणि व्यापाराचे केंद्र म्हणून वाढलेल्या इंदुरात कामासाठी येणाऱ्यांचा ओघ मोठा होता. एकावन्न हजारांच्या आसपास कुटुंबे बेकायदा वस्त्यांत राहत असल्याची नोंद या प्रकल्पाच्या दप्तरात आहे. तयार घरे बांधून वाटण्याची सरकारी पद्धत इतक्या कुटुंबांसाठी परवडणारी नव्हती. तेव्हा इंदूर विकास प्राधिकरणाने शहराच्या मध्यापासून सुमारे सहा किलोमीटरवर, आग्रा-मुंबई महामार्गालगत, ८५ हेक्टरांच्या आसपास जागा निवडली. सुमारे ६,५०० घरे आणि ६० हजार रहिवासी हे उद्दिष्ट. आखणीचे काम वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांच्या अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडे आले. दोशी १९२७ साली पुण्यात, लाकडी सामानाचा व्यवसाय असलेल्या कुटुंबात जन्मले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले आणि पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली घडले. २०१८ साली वास्तुकलेतील प्रतिष्ठेचा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या पुरस्काराच्या वेळी त्यांच्या ज्या कामांची आवर्जून नोंद घेतली गेली, त्यांत ‘अरण्य’ होते.

आखणीपूर्वी एक गोष्ट झाली, जी खासगी घर बांधणारे सहसा करत नाहीत: लोक प्रत्यक्षात कसे राहतात याची पाहणी. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासगटाने वास्तुशिल्प फाउंडेशनच्या साथीने इंदूरच्या झोपडवस्त्या मोजल्या. १९८४ मध्ये त्याचा अहवाल ‘हाऊ द अदर हाफ बिल्ड्स’ या नावाने निघाला. नियोजनाच्या पुस्तकात न बसणाऱ्या अनेक गोष्टी त्यात आढळल्या. घराबाहेरचा ओटा ही केवळ बसण्याची जागा नव्हती. तेथे धान्य निवडले जाई, शिवणयंत्र चाले, विडी वळली जाई, छोटे दुकान मांडले जाई. एखादे झाड हीच एखाद्या गल्लीची बैठक असे. थोडक्यात, घराचा एक मोठा भाग भिंतींच्या बाहेर होता आणि त्याचा बांधकाम खर्च जवळपास शून्य होता. गोव्यातल्या जुन्या घरांचे बाल्कांव किंवा तुळशीपुढचे अंगण ज्यांनी वापरले आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागू नये. नव्या आराखड्यात मात्र हीच जागा सर्वांत आधी कापली जाते आणि तिच्याऐवजी वर्षातून चार वेळा वापरली जाणारी पाहुण्यांची खोली येते.

‘अरण्य’मधील बहुसंख्य, म्हणजे ६५ टक्क्यांच्या आसपास भूखंड आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी राखलेले होते. त्यांचा आकार सुमारे ३५ चौरस मीटर. सर्वांत मोठे भूखंड ४७५ चौरस मीटरच्या घरात जाणारे. कुटुंबाच्या सरासरी मिळकतीवरून सुरुवातीला भरायची रक्कम ठरे आणि बाकीचे कर्ज मासिक हप्त्यांनी फेडले जाई. इतर उत्पन्न गटांना बहुतेक वेळा फक्त भूखंड मिळे. सर्वांत गरीब कुटुंबाला मात्र काँक्रीटचे जोते, शौचालय-मोरी असलेला सेवा-गाभा आणि एक खोली एवढे तयार दिले जाई. पुढचे ज्याचे त्याने, जमेल तेव्हा, जमेल त्या साहित्याने बांधावे. वीट, दगड, सिमेंट उपलब्ध होते. परंतु अमुकच वापरा अशी सक्ती नव्हती.

जोते, शौचालय आणि एक खोली हीच निवड का, यात या योजनेचे खरे शहाणपण आहे. घराची काही कामे नंतर सुधारता येतात, काही येत नाहीत. पत्र्याचे छप्पर पाच वर्षांनी काढून स्लॅब टाकता येतो. मातीची भिंत पाडून विटेची घालता येते. दरवाजा बदलता येतो, फरशी बदलता येते. पण जोत्याची पातळी, सांडपाण्याचा उतार, शौचालयाची जागा आणि पायाची खोली एकदा चुकली की ती दुरुस्त करायला मूळ खर्चाहून अधिक पैसा लागतो, आणि ती चूक घरात राहणाऱ्याला रोज भोवते. शिवाय ही कामे घरच्या माणसांच्या श्रमाने होण्यासारखी नसतात. त्यांना गवंड्याचा, नळ-कारागिराचा आणि मोजमापाचा हात लागतो. म्हणून कर्जाचा पैसा तेथे घातला गेला आणि बाकीचे काम कुटुंबाच्या बचतीवर व कष्टावर सोडले गेले.

खर्च वाचवण्याच्या दुसऱ्या वाटा आखणीत होत्या. दहा-दहा घरांचे पुंजके, प्रत्येकाच्या मागे चौक, आणि पुढे सर्वांची मिळून गल्ली. वीस घरांमागे एक सेप्टिक टाकी. दर्शनी रुंदी कमी ठेवली की एका घरामागे लागणारा रस्ता, गटार आणि नळवाहिनी यांची लांबी कमी होते. हा हिशेब साधा असला तरी एका घराच्या किमतीत तो मोठा फरक पाडतो. मोठे आणि व्यापारी भूखंड बाजारभावाने विकून आलेल्या नफ्याचा भार गरिबांच्या भूखंडांच्या मदतीला लावण्यात आला. दोशींनी ८० नमुना घरे बांधून दाखवली, एका खोलीपासून प्रशस्त घरापर्यंत. तीच घरे सर्वांनी बांधावीत, हा त्यामागचा हेतू नव्हता. एकाच जोत्यावरून किती वाटा फुटू शकतात, एवढेच लोकांनी पाहावे.

भूखंड आणि सेवा पुरवून घर लोकांवर सोपवण्याची ही पद्धत इंदुरात जन्मलेली नव्हे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९७०च्या दशकात मद्रासमध्ये अरुंबाक्कम येथे ती राबवली गेली होती, आणि मुंबईकरांना परिचित असलेले चारकोपही त्याच घराण्यातले. ‘अरण्य’चे वेगळेपण त्याच्या आखणीच्या बारकाव्यात आहे. त्याबद्दल १९९५ मध्ये त्याला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

तरीही या वसाहतीची कहाणी निखळ यशाची नाही. विकसित भूखंडाची बाजारातील किंमत वाढली तशी अनेक मूळ लाभार्थींनी आपली जागा विकली आणि अधिक मिळकतीची कुटुंबे तेथे आली. नमुना घरांपैकी बरीच आज ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आहेत. काहींच्या जागी नव्या इमारती उभ्या आहेत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना याची खंत वाटते. घरमालकाच्या बाजूने पाहिले तर दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. घर बदलत गेले, मजले चढले, पुढे दुकान निघाले, हे तर योजनेतच अभिप्रेत होते. गरजेपोटी जागा विकावी लागली, हे मात्र अपयश आहे, आणि त्याचे कारण घराच्या रचनेत नसून कुटुंबाकडे अडीअडचणीसाठी दुसरा पैसा नसण्यात आहे. ज्या घरात सगळी पुंजी विटांत गुंतलेली असते, तेथे पहिले मोठे आजारपण घरच विकायला लावते.

हा हिशेब गोव्यात आणून पाहिला तर पहिला फरक जमिनीचा आहे. इंदुरात प्राधिकरणाने निर्वेध भूखंड आखून हाती दिला होता. गोव्यात घर बांधणाऱ्याला तो निर्वेधपणा स्वतः तपासावा लागतो, आणि हीच सर्वांत दुर्लक्षित पहिली पायरी आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर, किंवा शहरी भागात ‘फॉर्म डी’वर विक्रेत्याचे नाव आहे, एवढ्यावर समाधान मानले जाते. उतारा कब्जा दाखवतो. मालकीचा तो अंतिम पुरावा नव्हे. मालकी सिद्ध होते ती खरेदीखते, वारसा आणि वाटणीच्या दस्तऐवजांच्या अखंड साखळीतून. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेतून आलेली पती-पत्नींची समाईक मालमत्ता ही व्यवस्था असल्यामुळे विक्रेत्याच्या जोडीदाराची सही नसेल तर व्यवहार लटकू शकतो. आजोबांच्या नावावरची जमीन असेल तर इन्व्हेंटरी होऊन वाटे पडले आहेत का, परदेशात गेलेल्या वारसांची संमती आहे का, हे पाहावे लागते. जागेवर मुंडकाराचे घर असेल तर १९७५च्या मुंडकार कायद्याने त्याला मिळालेले संरक्षण नव्या मालकालाही बांधील असते. जमीन कोमुनिदादीची असल्यास प्रश्न आणखी वेगळे. जुन्या पोर्तुगीजकालीन दस्तांच्या आधारे बनावट मालकी उभी करून जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी राज्य सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले, हे ध्यानात घेतले तर वकिलाकडून मालकीचा शोध घेण्याचा खर्च हा घराच्या अंदाजपत्रकातील सर्वांत स्वस्त खर्च ठरतो.

मालकीनंतर वापर. जागा वस्ती विभागात आहे का, हे नगर नियोजन खात्याच्या झोनिंग दाखल्यावरून कळते. शेतजमिनीला बिगरशेती वापराची सनद लागते. समुद्राबरोबरच भरती-ओहोटीच्या नद्या व खाड्यांच्या काठालाही किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. मांडवी-जुवारीच्या फाट्यांजवळ भूखंड घेणाऱ्यांच्या हे उशिरा ध्यानात येते. अलीकडच्या काळात नगर नियोजन कायद्याच्या कलम १७(२) आणि ३९-अ खाली झालेल्या विभागबदलांना न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. त्यामुळे ज्या जागेचा विभाग नुकताच बदलला आहे, ती स्वस्त मिळते म्हणून घेणे धोक्याचे. यानंतर आराखड्याला तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना. बँक यांपैकी प्रत्येक कागद मागते. म्हणजे कर्जाची तयारी म्हणजे मुख्यतः कागदांचीच तयारी.

आता हप्ता. समजा एका कुटुंबाची हाती येणारी मासिक मिळकत ६० हजार रुपये आहे. इतर कोणतेही कर्ज नसेल तर त्यातील एक-तृतीयांशाच्या आसपास रक्कम घराला देता येईल. २५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २१,७०० रुपये बसतो आणि एकूण परतफेड ५२ लाखांपुढे जाते. व्याजच २७ लाखांचे. तेच कर्ज १५ वर्षांत फेडायचे तर हप्ता २४,६०० च्या पुढे जातो, परंतु व्याज १९ लाख ३० हजारांच्या आसपास थांबते. महिन्याला तीन हजारांहून कमी रकमेचा फरक शेवटी पावणेआठ लाखांचा होतो. घरात खोली वाढवावी की मुदत कमी करावी, हा प्रश्न आराखडा काढण्यापूर्वी या आकड्यांसमोर बसून सोडवायचा असतो. बँक जेवढे कर्ज द्यायला तयार आहे तेवढे घ्यायचे, हा काही हिशेब नव्हे. बँक आपल्या वसुलीची शक्यता मोजते. घरातल्या मुलीचे शिक्षण तिच्या कोष्टकात नसते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे गृहकर्ज मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचे ७५ टक्क्यांपर्यंत देता येते. ही कमाल मर्यादा आहे. तेवढे मिळेलच असे नाही. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च लहान किमतीची घरे वगळता या किमतीत धरला जात नाही. तो स्वतःच्या खिशातून येतो. विहीर किंवा कूपनलिका, कुंपण, विजेची जोडणी, लाकूडकाम यांचीही सोय बहुधा वेगळी करावी लागते. शिवाय बांधकामाचे कर्ज एकरकमी मिळत नाही. जोते झाले, लिंटेलपर्यंत भिंती आल्या, स्लॅब पडला, अशा टप्प्यांनी अभियंत्याच्या पाहणीनंतर ते सुटते. काम आधी आणि पैसा मागून, ही रीत असल्यामुळे पहिल्या टप्प्याला स्वतःची रोकड लागतेच. त्याच काळात उचललेल्या रकमेवरचे व्याज सुरू झालेले असते, आणि कुटुंब भाड्याच्या घरात राहत असेल तर भाडेही. या दुहेरी भाराचे महिने मोजून तेवढी रक्कम बाजूला ठेवली नाही, तर काम नेमके लिंटेलवर थांबते.

सरकारी मदतीचा हिशेबही याच वेळी मांडावा. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरीच्या दुसऱ्या टप्प्यात वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत दुर्बल घटक, ६ लाखांपर्यंत अल्प आणि ९ लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट मानला जातो. देशात कुठेही स्वतःचे पक्के घर नसणे ही अट आहे. व्याज अनुदानासाठी घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवे. पहिल्या ८ लाखांवर चार टक्के अनुदान मिळून एकूण लाभ कमाल १ लाख ८० हजार रुपयांचा, पाच वार्षिक हप्त्यांत. या मर्यादा घराच्या आकारालाही लागू आहेत. म्हणून एक जादा खोली केवळ तिच्या बांधकामाचा खर्च वाढवत नाही, तर कुटुंबाला योजनेच्या बाहेरही ढकलू शकते. वडिलोपार्जित घरात हिस्सा असलेल्या अनेक गोमंतकीय कुटुंबांनी अर्ज करण्यापूर्वी पक्क्या घराची अट आपल्याला लागू होते का, हे विचारून घ्यावे.

राहिला प्रश्न टप्प्याटप्प्याने बांधण्याचा, आणि येथे ‘अरण्य’ पुन्हा कामी येते. दोन मजल्यांचे घर हवे आहे, पण पैसा एकाचाच आहे, अशा वेळी पुष्कळ जण दोन्ही मजले अर्धवट बांधतात. त्यापेक्षा आराखडा आणि पाया दोन मजल्यांचा, बांधकाम तळमजल्याचे, हा मार्ग बरा. खांब व पाया वरच्या भाराला पुरतील असे आधीच मोजून घ्यावे लागतात. चिऱ्याच्या भारवाही भिंती असतील तर त्यांची जाडी आणि जुळणी त्याच वेळी ठरते. जिना असा ठेवावा की पुढे वरच्या मजल्यावर वेगळे कुटुंब राहिले तरी त्याला खालच्या दिवाणखान्यातून जावे लागू नये. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय एका भिंतीला लागून ठेवले की वरच्या मजल्याचे नळही त्याच रेषेत चढतात. पुढच्या बांधणीसाठी खांबांतून वर सोडलेल्या सळया उघड्या राहिल्या तर गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत त्या गंजतात आणि पुढे कामाच्या राहत नाहीत. त्यांवर सिमेंटचा गिलावा देऊन किंवा कच्च्या काँक्रीटात झाकून ठेवण्याचा खर्च किरकोळ आहे. परवान्याला मुदत असते, हेही विसरू नये. वरचा मजला चार वर्षांनी चढवायचा तर परवान्याचे नूतनीकरण किंवा नवा परवाना लागेल, आणि तळमजल्यासाठी वापर दाखला वेगळा मागावा लागेल.

आणि पाऊस. पाया खणून जोते भरण्याचे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू झाले तर मेअखेर स्लॅब पडून आतले काम पावसाळ्यात छपराखाली चालू शकते. मार्चमध्ये सुरुवात केली तर जूनमध्ये उघड्या भिंतींवर ताडपत्री टाकून चार महिने थांबण्याची पाळी येते, आणि कर्जाचे व्याज त्या चार महिन्यांत थांबत नाही. कर्जाच्या मंजुरीपत्रालाही काही महिन्यांचीच मुदत असते. म्हणून ऑक्टोबरात कुदळ मारायची असेल तर एक-चौदाचा उतारा हातात घेऊन वकिलाकडे जाण्याची वेळ त्याआधीच्या जानेवारीत येते.